यात्रा, बैलगाडा आणि तमाशा : परंपरानिष्ठ टीकेच्या कसोटीचा विचार

लोकरंजनाच्या प्रकारांवर होणाऱ्या टीकेचा अभ्यास आपल्याकडे बहुधा साहित्याच्या किंवा नीतिशास्त्राच्या अंगाने झाला आहे. ही टीका एकाच वेळी राज्यव्यवहार, कुटुंबव्यवस्था आणि जनरंजन या तीनही गोष्टींविषयी काही म्हणत असते, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. एखादा टीकाकार तमाशाला विरोध करतो तेव्हा तो केवळ एका नाट्यप्रकाराविषयी बोलत नाही. गावाची संध्याकाळ कोणाच्या ताब्यात असावी, घरच्या कर्त्या पुरुषाचा पैसा कोठे जावा आणि सरकारने कशाला परवाना द्यावा, याविषयीची मतेही त्याच्या विरोधात गुंतलेली असतात. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील मंचर-नारायणगाव परिसराच्या संदर्भात या टीकेचे स्वरूप तपासण्याचा, आणि ती कोणत्या कसोटीवर आपले निर्णय देते हे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रारंभीच संज्ञेविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. येथे 'सनातनी' हा शब्द न वापरता 'परंपरानिष्ठ' हा शब्द योजला आहे. सनातनी भूमिका ही मुख्यतः धर्मशास्त्राच्या प्रामाण्यावर उभी असते. परंपरानिष्ठ भूमिका त्याहून व्यापक आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या संस्थांत काही शहाणपण साठलेले असते, ते एकट्या व्यक्तीच्या बुद्धीपेक्षा अधिक विश्वसनीय असते, आणि म्हणून कुटुंब, गाव, कुलाचार यांना सहसा धक्का लावू नये, अशी ही भूमिका होय. फ्रेंच राज्यक्रांतीवर १७९० मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या एडमंड बर्कने युरोपात या विचाराला पद्धतशीर रूप दिले. आपल्याकडे तो ग्रंथरूपाने कमी आणि वृत्तपत्रीय लेख, कीर्तन, व्याख्यान व घरगुती उपदेश यांच्या रूपाने अधिक वावरला. ही भूमिका मुळातच चुकीची आहे, असे मानण्याचे कारण नाही. ती स्वतःच्याच तत्त्वांशी कितपत प्रामाणिक राहते, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

१. यात्रेचे दोन खेळ

मंचर हे आंबेगाव तालुक्यातील बाजारपेठेचे गाव पुणे-नाशिक रस्त्यावर, पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरांवर आहे. त्याच रस्त्याने उत्तरेस गेले की जुन्नर तालुक्यातील नारायणगाव लागते. चैत्र-वैशाखात या टापूतील गावोगावी ग्रामदैवताच्या यात्रा भरतात. कोठे भैरवनाथाची, कोठे खंडोबाची, कोठे मुक्ताबाईची. यात्रेचा खर्च घरटी पट्टी काढून केला जातो, व त्याचा हिशेब यात्रा कमिटी ठेवते. पालखी, काठी, नैवेद्य, कुस्त्यांचा आखाडा हे यात्रेचे सर्वत्र आढळणारे घटक येथेही आहेत. परंतु या टापूची खरी ओळख दोन खेळांमुळे आहे. दिवसा घाटात बैलगाड्यांची शर्यत होते आणि रात्री तमाशा उभा राहतो.

उत्तर पुणे जिल्ह्यातील बैलगाड्याची पद्धत इतर भागांहून वेगळी आहे. चढाच्या आखीव मार्गाला 'घाट' म्हणतात. गाड्याला चार बैल जुंपतात : पुढची जोडी जुकाटाची, मागची धुरेची. सर्वांपुढे घोडी धावते. एका गाड्याची एक धाव म्हणजे एक 'बारी', व तिचा निर्णय सेकंदांवर होतो. बारी लागली की भंडारा उधळला जातो आणि ध्वनिक्षेपकावरून गाडामालकाचे नाव, आडनाव व गाव पुकारले जाते.

रात्रीच्या तमाशाचे अर्थकारण नारायणगावी ठरते. गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत तेथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे लोक येतात, आपल्या यात्रेची तिथी सांगतात, फडाचा दर विचारतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन करार लिहून घेतात. रात्री गण, गवळण, बतावणी, रंगबाजी व वग असा क्रम होतो. पुष्कळ गावी दुसऱ्या दिवशी सकाळी 'हजेरी'ही असते.

शर्यत आणि तमाशा या दोहोंना एकच ग्रामदैवत, एकच पट्टी, एकच कमिटी आणि एकच प्रेक्षकवर्ग आहे. दोन्ही खेळ परंपरागत आहेत, आणि दोहोंवर सरकारी बंदी येऊन गेली आहे. असे असूनही परंपरानिष्ठ विचाराने या दोन खेळांना सर्वस्वी भिन्न न्याय दिला. एकासाठी परंपरेच्या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला गेला. दुसऱ्याचा परंपरेच्याच नावाने निषेध झाला. हा भेद कोठून आला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

२. पोवाडा आणि लावणी यांची फारकत

पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहिरांनी पोवाडा आणि लावणी या दोन्ही रचना एकाच डफ-तुणतुण्यावर गायिल्या. अनंत फंदी, राम जोशी, होनाजी, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ या मंडळींना वीररस आणि शृंगार ही दोन वेगळी दालने वाटत नव्हती. १८१८ नंतर आश्रयदाते गेले, आणि इंग्रजी विद्येत वाढलेल्या नव्या वर्गाने या वारशाची वाटणी केली. पोवाड्याला इतिहासाचे साधन म्हणून मान मिळाला. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. लावणी मात्र 'असभ्य' म्हणून ओसरीबाहेर राहिली. तिच्या काव्यगुणांचे साक्षेपी विवेचन करणारा म. वा. धोंड यांचा 'मऱ्हाटी लावणी' हा ग्रंथ यावयास १९५६ साल उजाडले.

या फारकतीला पूरक अशा आख्यायिकाही रूढ झाल्या. नारायणगावाच्या पलीकडे संगमनेर. तेथील अनंत फंदीविषयी असे सांगतात की अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशामुळे त्याने तमाशा टाकून कीर्तन धरले. या आख्यायिकेची ऐतिहासिकता येथे महत्त्वाची नाही. महत्त्वाचे आहे ते हे की परंपरानिष्ठ मनाला शाहिराचे असेच चरित्र हवे होते. फडातून मंदिराकडे झालेला प्रवास त्याला उद्धार वाटतो. याच्या उलट दिशेने गेलेल्या पठ्ठे बापूरावांचे (१८६६–१९४५) चरित्र त्या मनास नेहमी अवघड वाटले. रेठऱ्याच्या कुलकर्ण्यांच्या घरचा मुलगा वतन व जात सोडून फडात आला आणि महार समाजातील पवळेबरोबर त्याने उभा महाराष्ट्र गाजवला. येथे प्रश्न काव्याचा राहिला नाही. कुळाचा, पंक्तीचा आणि घराच्या उंबऱ्याचा झाला.

३. राज्यसंस्थेचा हस्तक्षेप

रंगभूमीवर अंकुश ठेवणारा नाट्यप्रयोगांचा कायदा ब्रिटिश सरकारने १८७६ मध्ये केला. त्या सत्तेला भीती होती ती राजद्रोहाची. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये आलेली बंदी हे त्याचे ठळक उदाहरण होय. स्वातंत्र्यानंतर अंकुश राहिला, पण त्याचे कारण बदलले. राजद्रोहाच्या जागी सदभिरुची आली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४७-४८ च्या सुमारास, मुंबई प्रांतात तमाशावर बंदी घालण्यात आली. पुढे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली. बंदी उठली, परंतु वगांच्या संहिता आधी तपासून घेण्याची अट मागे राहिली. १९६० च्या सार्वजनिक करमणुकीच्या परवानाविषयक नियमांत मेळे व तमाशे यांचा नावानिशी उल्लेख आहे.

त्याच मंत्रिमंडळाने १९४९ चा दारूबंदीचा कायदा केला, हा योगायोग नव्हे. दारू आणि तमाशा ही घर बुडविणारी जोडगोळी, असे तत्कालीन शिष्ट मत होते. नव्या स्वराज्याने आपण घरातील गृहिणीचे रक्षणकर्ते आहोत असे मानले, आणि तिच्या नावाने फडाचा तंबू उतरविला. परंतु याच सुमारास, १९४७ मध्ये, 'लोकशाहीर रामजोशी' हा बोलपट शहरांतून गर्दी खेचीत होता. पुढे १९५९ मध्ये आलेला 'सांगत्ये ऐका' पुण्यात वर्षानुवर्षे चालला. ज्या कुटुंबांना तंबूतला तमाशा वर्ज्य होता, तीच कुटुंबे पडद्यावरील तमाशाला मुलाबाळांसह गेली. याचा अर्थ आक्षेप कलाप्रकाराला नव्हता, निदान केवळ कलाप्रकाराला नव्हता. पडद्यावरची नर्तकी त्यांच्या अंगणात राहुटी ठोकीत नव्हती, हा भेद निर्णायक ठरला.

४. कुटुंबाची बाजू

परंपरानिष्ठ टीकेतील कुटुंबविषयक युक्तिवाद तिच्या सर्वांत बलवान रूपात मांडणे न्याय्य ठरेल. शेतकऱ्याच्या हाती रोकड वर्षातून एकदोनदाच येते. ती घरी येण्यापूर्वी दौलतजादेत उधळली गेली, तर तिची झळ बायकामुलांना लागते. यात्रेच्या रात्री मद्यपान होते, भांडणे होतात आणि बाहेरून आलेल्या कलावंत स्त्रियांना शिट्ट्या व अपशब्द यांना तोंड द्यावे लागते. वाढत्या वयाच्या मुलाने स्त्रीकडे पाहण्याची पहिली दृष्टी अशा गर्दीत उभे राहून शिकावी, हे कोणत्याही सुज्ञ पालकास आवडणार नाही. या प्रत्येक विधानात तथ्य आहे. कुटुंब हे व्यक्तीच्या लहरीपेक्षा मोठे आहे, हे परंपरानिष्ठ विचाराचे मूलतत्त्वही सहज झिडकारण्याजोगे नाही.

परंतु या युक्तिवादातील दोष बारकाईने पाहिले असता दिसून येतो. वर सांगितलेली सर्व दुष्कृत्ये प्रेक्षकाची आहेत : पैसा तो उधळतो, मद्य तो पितो, अपशब्द तो वापरतो. उपाय मात्र नेहमी रंगमंचावर केला जातो. घर ज्याचे बुडते तो कर्ता पुरुष मोकळा राहतो आणि जिचे पोट त्या रात्रीवर अवलंबून आहे ती स्त्री दोषी ठरते.

हाच प्रकार आपल्या काळात पुन्हा घडला. २००५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून मद्यालयांतील नृत्यावर बंदी आणली. तरुण बिघडतात, संसार उद्ध्वस्त होतात, स्त्रीची अप्रतिष्ठा होते ही कारणे दिली गेली. तारांकित हॉटेलांना मात्र त्यातून वगळण्यात आले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरविली. उपजीविकेचा हक्क आणि समानतेचे तत्त्व हे त्या निर्णयाचे आधार होते. जी नीती ग्राहकाची ऐपत पाहून बदलते ती नीती नव्हे, असाच त्या निर्णयाचा मथितार्थ म्हणता येईल.

५. बैलगाड्याचा कैवार

आता घाटाकडे वळू. २०११ मध्ये केंद्र शासनाच्या अधिसूचनेने बैलाचा समावेश प्रदर्शन-प्रशिक्षणास मनाई असलेल्या प्राण्यांत झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त अनुमती मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरविल्या. परंपरेचा प्रश्न विधिमंडळाने विचारात घेतला असता न्यायालयाने त्याहून वेगळे मत देऊ नये, असे त्या निर्णयाचे सूत्र होते.

या दशकभराच्या वादात आंबेगाव-जुन्नर-खेड भागातून जो युक्तिवाद पुढे आला तो परंपरानिष्ठ विचाराचा नमुनाच होता. खिल्लार जातीचे जतन, शेतकऱ्याचा बैलावरील पुत्रवत् लोभ, खंडोबा-भैरवनाथाची सेवा, पूर्वजांनी घालून दिलेला पायंडा, आणि यात्रेवर चालणाऱ्या लहानमोठ्या धंद्यांचे पोट ही त्याची अंगे होती. पक्षभेद विसरून सर्व पुढारी त्यामागे उभे राहिले. प्राण्यांच्या हालांविषयीचा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर नियम, देखरेख आणि शिक्षा यांनी द्यावे, बंदीने नव्हे, असेही सांगण्यात आले.

या युक्तिवादाचे प्रत्येक कलम तमाशाला जसेच्या तसे लागू पडते. पूर्वजांचा पायंडा तेथेही आहे. ग्रामदैवताची सेवा तेथेही आहे. गणेशाला वंदन केल्यावाचून ढोलकीवर पुढची थाप पडत नाही. हाल आणि अप्रतिष्ठा यांवर नियम हा उपाय तेथेही संभवतो. असे असता तमाशासाठी कोणी असा कैवार घेतला नाही. म्हणजे परंपरानिष्ठ टीकेची खरी कसोटी परंपरेचे वय नव्हे, दैवताशी असलेले नाते नव्हे, आणि उपजीविकाही नव्हे. ही कसोटी प्रतिष्ठेची आहे. गाडा हा मालकाच्या दारातून निघतो. त्याच्याबरोबर आडनाव, भावकी आणि जमीन यांचा डौल निघतो. तमाशा भाड्याने आणावा लागतो; तो आणणारी माणसे महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतील असतात, आणि त्याच्या केंद्रस्थानी स्त्री असते. गाड्याच्या विजयात घराला स्वतःचे रूप दिसते. तमाशाच्या तंबूत घराला लपवावेसे वाटणारे काही दिसते.

६. फड हेही एक घर

परंपरानिष्ठ विचार ज्या मूल्यांचा आग्रह धरतो, ती मूल्ये फडात कितपत आढळतात हे पाहिले म्हणजे हा विसंवाद अधिकच स्पष्ट होतो. ढोलकी-फडाची रचना पाहावी. फड बहुधा एका घराण्याच्या नावाने चालतो आणि वारसाने पुढे जातो. नारायणगावच्या भाऊ-बापू मांग यांच्या फडातून भाऊंची कन्या विठाबाई (१९३५–२००२) पुढे आल्या. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला. कांताबाई सातारकर व त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर यांच्या फडाची हकीकतही अशीच आहे. कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे बंधू एकत्र कुटुंबाचा जिवंत दाखलाच होते. बोर्डावर चढण्यापूर्वी रंगमंचाला नमस्कार, वडीलधाऱ्या कलावंताच्या पाया पडणे, कुलदैवताची वारी, फडात येणाऱ्या नवख्याला जेवूखाऊ घालून कला शिकविणे, या गोष्टी फडात आजही पाळल्या जातात. वारसा, गुरुनिष्ठा, कष्ट आणि कुलाचार यांचे याहून उघड उदाहरण शोधावयास फार लांब जावे लागेल.

विठाबाईंची एक हकीकत तमाशासृष्टीत सर्वश्रुत आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. प्रयोग चालू असतानाच वेणा सुरू झाल्या. कनातीमागे प्रसूती झाली, नाळ दगडाने तोडली गेली, आणि त्या पुन्हा नाचावयास उभ्या राहिल्या. कुटुंबसंस्थेविषयी कळकळीने लिहिणाऱ्या टीकेने या प्रसंगावर विचार करावयास हवा होता. मातृत्व पवित्र असेल तर कनातीमागील मातृत्वही पवित्र आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस आर्थिक विपन्नावस्थेत गेले, आणि मृत्यूनंतर शासनाने तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कलावंताची स्मृती स्वीकारणे समाजाला सोपे गेले, कलावंताचे घर स्वीकारणे जड गेले.

येथे एक शंका घेतली जाईल. तमाशावर टीका केवळ उच्चवर्णीयांनी केलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार स्त्रियांच्या तमाशातील सहभागास विरोध केला, आणि सत्यशोधक व आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज घेऊन त्यातील शृंगार टाकून दिला. ही शंका रास्त आहे. तथापि दोन्ही टीकांचा रोख भिन्न आहे. आंबेडकरांच्या दृष्टीसमोर कलावंत स्त्रीची, तिच्या मुलाबाळांची आणि तिच्या समाजाची अप्रतिष्ठा होती. तिच्यासाठी दुसरे जीवन मागणारी ती टीका होती. परंपरानिष्ठ टीकेसमोर प्रेक्षकाचे घर होते. एकाच निष्कर्षाला पोहोचणारे दोन युक्तिवाद एकच मानणे, ही अभ्यासकाने टाळावयाची चूक होय. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनाने नर्तकीच्या मुलाची बाजू प्रथमच इतक्या थेटपणे वाचकांपुढे ठेवली; तिच्यात तमाशाचे उदात्तीकरण नाही आणि घृणाही नाही, पण आईच्या कमाईवर जगणाऱ्या नातलगांचा हिशेब आहे. कुटुंबाच्या नावाने बोलणाऱ्या कोणासही तो हिशेब टाळता येणार नाही.

दक्षिणेतील अनुभवही उद्बोधक आहे. मद्रास इलाख्यात १८९० च्या दशकात नाचविरोधी चळवळ उभी राहिली, १९३० च्या दशकात 'सदिर' नृत्याला 'भरतनाट्यम्' हे प्रतिष्ठित रूप मिळाले, आणि १९४७ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. कला प्रतिष्ठित घरांत गेली. ती जतन करणारी घराणी बव्हंशी मागे पडली. लावणीच्या बाबतीत सभागृहातील महोत्सव वाढत असताना फडांची संख्या घटत जावी, हे याच मार्गाचे लक्षण नाही ना, असा प्रश्न पडतो.

७. उपसंहार

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्च रोजी आला. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. नारायणगावच्या राहुट्यांचा हंगाम ज्या दिवसापासून मोजला जातो, नेमका तोच दिवस बंद झाला. पुढील वर्षीही यात्रा भरल्या नाहीत. फडमालकांनी कलावंतांना दिलेली उचल अडकली आणि सावकाराचे व्याज चालू राहिले. यात्रा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अनेक ठिकाणी फडाच्या जागी ध्वनिमुद्रित गाण्यांवरील नृत्याचे कार्यक्रम आले, आणि २०२२-२३ मध्ये त्यांवर अश्लीलतेची टीका करणाऱ्यांत तमाशातील जुनी मंडळीही होती. काल ज्यांच्यावर परंपरा मोडल्याचा आरोप होता, ते आज परंपरेच्या बाजूने बोलू लागले. परंपरेची व्याख्या किती चंचल असते याचा हा पुरावा होय; परंतु त्यातून परंपरा निरर्थक ठरते असे नाही. तमाशातील मंडळींना जे म्हणावयाचे आहे, ते गाडामालकांच्याच शब्दांत आहे : हे आमच्या वाडवडिलांचे आहे, यावर आमची घरे चालतात, दोष असतील तर ते दूर करा, पण मुळावर घाव घालू नका.

यावरून निघणारा निष्कर्ष असा. परंपरानिष्ठ टीका ही कुटुंबाच्या हितावर आधारलेली आहे, असा तिचा दावा आहे. हा दावा खरा ठरावयाचा असेल, तर तिने कुटुंब या शब्दाची व्याप्ती प्रेक्षकाच्या उंबऱ्याशी थांबविता कामा नये. घाटातील गाडामालकाचे घर आणि राहुटीतील कलावतीचे घर यांना एकच माप लावले, तर तिचे काही आक्षेप टिकतील, काही गळून पडतील. पण जे टिकतील त्यांना नैतिक बळ येईल. एरवी ती टीका परंपरेची न राहता केवळ प्रतिष्ठेची राहते. पट्टी एकच, दैवत एकच, मैदान एकच. तेव्हा दिवसाच्या खेळाला लावलेला न्याय रात्रीच्या खेळाला नाकारण्याचे कारण अद्याप कोणी दिलेले नाही.